जांभळं गेट आणि कमीत कमी सरकार

आमच्या गेटला जांभळा रंग देण्यात माझा काहीही हात नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे ब्रश माझ्या हातात होता. पण डोकं वनमालाचं, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींचं होतं. दुकानात डब्याच्या झाकणावर तो रंग चांगला सोज्वळ दिसला होता. गेटवर चढल्यावर मात्र त्यानं पाय पसरले. उन्हात तर तो असा चमकायचा की रस्त्यावरून जाणारा माणूस आधी थबकायचा आणि मग घरात कुणी आजारी आहे का, अशा नजरेनं आत बघायचा.

शेजारचे त्रिंबक गुरुजी बाहेर आले. त्यांनी गेटकडे बघितलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हे अस्तर हाय ना? वरून दुसरा येनार आसंल."

"हाच शेवटचा हात आहे, गुरुजी."

"बरं बरं. सवय व्हती मानसाला," असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

खरं सांगायचं तर मलाही तो रंग आवडला नव्हता. वनमालाचा उत्साह जरा ओसरला की विषय काढू, असं मी मनाशी ठरवलंही होतं. पण त्याच दुपारी मोबाइलवर आमच्या समाधान कॉलनीच्या विकास समितीचा फतवा आला. कॉलनीची शोभा एकसारखी राहावी म्हणून सर्वांनी आपापली गेटं चॉकलेटी रंगात रंगवावीत. वेगळा रंग दिसल्यास समिती स्वतः रंगवून घेईल. खाली हात जोडल्याचं चित्र आणि अध्यक्षांचं नाव: अमरसिंहदादा.

त्या क्षणी मला जांभळा रंग आवडला. नुसता आवडला नाही, त्यासाठी प्राण द्यावेत असं वाटलं.

माझे विचार जरा वेगळे आहेत. माझं मत असं की सरकार हे जेवणातल्या मिठासारखं असावं. चिमूटभर. माणसानं काय खावं, काय घालावं, घराला कोणता रंग द्यावा, हे त्याचं त्यानं ठरवावं. हे मत मी उभी हयात पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून काढल्यावर बनवलेलं आहे. कॉलनीतले लोक यावर हटकून एकच वाक्य टाकतात, "मग काका, पेन्शन सोडा की!" या वाक्यात काय विनोद आहे ते मला आजवर कळलेलं नाही. हलवायाला गोड आवडत नाही म्हणून त्यानं दुकान बंद करायचं का?

फतव्यात आणखी एक ओळ होती आणि ती जास्त वाईट होती. 'राहत्या घरात कोणीही क्लास किंवा व्यवसाय चालवू नये.' कॉलनीत असं घर एकच होतं. आमच्या समोरचं, मुबीनभाईंचं. मुबीनभाईंचा मोंढ्यात फळांचा गाळा आहे आणि त्यांची मुलगी अलमास घराच्या ओसरीवर मुलांना चित्रकला शिकवते. पोरीनं कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला, शाळांचे उंबरे झिजवले, कुठं जागा निघाली नाही, तेव्हा ओसरीवर सतरंजी टाकली. आता चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी गावातली निम्मी पोरं तिच्याकडं येतात. तक्रार अशी होती की त्या पोरांच्या सायकली रस्त्यावर उभ्या राहतात.

संध्याकाळी मुबीनभाई आमच्या गेटजवळ आले. रंगाबद्दल ते सभ्यपणानं काही बोलले नाहीत.

"राधाकिशनभाई, पोरगी सकाळधरून जेवली न्हाई. परीक्षा तोंडावर आली, आन म्हन्तात क्लास बंद करा. मी काय म्हनू? आपन ऱ्हातो हितंच. वाकडं घेऊन जमतं का?"

मी छाती पुढं काढली. "मुबीनभाई, हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. तुम्ही बघाच."

असं मी म्हणालो की वनमाला घाबरते. मागं असं म्हणून मी एसटीच्या फलाटावर तासभर भाषण केलं होतं आणि तेवढ्यात आमची गाडी निघून गेली होती.

मी तडक अमरसिंहदादांकडं गेलो. दादा वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नगरपालिकेवर निवडून आल्यापासून सगळ्या कॉलनीचे दादा झालेले. बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचं जनसंपर्क कार्यालय आहे. बाहेर नेहमी गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्यामुळं दुधवाल्याला पलीकडच्या गल्लीतून वळसा घ्यावा लागतो.

"दादा," मी म्हणालो, "घरात व्यवसाय नको म्हणता. मग हे ऑफिस?"

"काका, हा धंदा न्हाई. ही सेवा हाय."

 मीही जन्मभर शासकीय सेवेतच होतो आणि तिथं सेवा म्हणजे काय असतं ते मला पुरतं ठाऊक आहे.

"लोकांच्या गेटात समितीनं कशापायी पडावं?" मी आवाज चढवला. शुद्ध बोलणारा माणूस चिडला की असा घरच्या भाषेवर येतो.

"मग उद्या कुनी दारात म्हस बांधंल. नियम नको, समिती नको! काका, तुमाला सरकारच नको म्हना की!"

"नकोच! कमीत कमी! जाहीर वादविवाद ठेवा, सिद्ध करून दाखवतो. मी हरलो तर गेट चॉकलेटी. तुम्ही हरलात तर दोन्ही नियम मागं."

कार्यालयात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्यावर दादांना मागं सरता येत नाही, तो त्यांचा धर्मच आहे. "व्हऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "रविवारी. मारुतीच्या देवळापुढं."

घरी आल्यावर वनमालानं एकच विचारलं, "माइकची परवानगी कोण काढणार?"

मी हसलो. सरकार कमी असावं हे सांगायला सरकारची परवानगी काढणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी माइकवाल्यानं परवानगीशिवाय कर्णा देणार नाही असं सांगितलं, तेव्हा मी तत्त्व तात्पुरतं खिशात ठेवलं आणि पोलीस ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदारांनी माझा अर्ज ओठ हलवत वाचला. "विषय काय लिव्हलाय? 'सरकार कमीत कमी असावे.' म्हंजी सरकारच्या इरोधात हाय का?"

"विरोधात नाही. कमी करण्याबाबत."

"कोनतं कमी करायचं? हितलं, मुंबईचं, का दिल्लीचं?"

"सगळंच थोडं थोडं."

हवालदारांनी पेन खाली ठेवला. "मग आमी बी आलो त्यात?"

मी म्हणालो, पोलीस राहतील. आमच्या मतात पोलीस, कोर्ट आणि सैन्य एवढं ठेवलेलं आहे. त्यांचा चेहरा जरा खुलला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मग सांगितलं की देवळापुढची जागा नगरपालिकेची आहे, आधी तिकडचं पत्र आणा. नगरपालिकेत म्हणाले, आधी पोलिसांचं आणा. हा खेळ मी जन्मभर टेबलाच्या त्या बाजूनं खेळलो होतो. या बाजूनं तो इतका लांबलचक असतो याची मला कल्पना नव्हती. शेवटी नगरपालिकेतल्या एका बाईंना माझी दया आली आणि त्यांनी पत्र दिलं. ते घेऊन मी विजयी मुद्रेनं ठाण्यात परतलो, तर हवालदारांनी नवीनच काढलं.

"वादइवाद म्हन्ता, मग दुसरी बाजू कोन मांडनार? नाव लिव्हा. एकच बाजू आसली तर ती सभा व्हती. सभेची परवानगी येगळी."

झालं! दादा सभेचे अध्यक्ष, म्हणून दुसरी बाजू त्रिंबक गुरुजी मांडणार असं ठरलं होतं. पण रविवार जवळ येऊ लागला तसा गुरुजींचा घसा बसू लागला. "मला शेजारी ऱ्हायचंय," ते मला कुजबुजून म्हणाले. "तुमच्याशी बी आन दादाशी बी. तुमी दोनी बाजू मांडा की. येका बाजूला बोलताना टोपी घालायची, दुसऱ्या बाजूला काढायची." कॉलनीभर मी विरोधक शोधत हिंडलो. स्वतःला हरवायला माणूस शोधत दारोदार फिरणं हा अपमान कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

शनिवारी सकाळी दादा स्वतः आमच्या घरी आले. जांभळ्या गेटातून आत येताना त्यांनी चक्क गेटाला नमस्कार केला.

"काका, कशाला तानायचं? तुमचं गेट ते आपलं गेट. जांभळं ऱ्हाऊ द्या. खास बाब. फकस्त वादइवाद तेवढा सोडा. आन त्या क्लासचं तुमी मनाला लावून घेऊ नका. त्यांचं ते बघतील."

 सांगायला संकोच वाटतो, पण 'खास बाब' या दोन शब्दांनी माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. खात्यात असताना मी इतरांसाठी किती खास बाबी टाइप केल्या होत्या. माझ्या नावाची ही पहिलीच! समोरच्या ओसरीवर अलमास पोरांकडून मडक्याचं चित्र काढून घेत होती. परीक्षेपर्यंत क्लास चालवू द्यावा म्हणून तिनं समितीकडं विनवणी केली होती, ती कुणी ऐकली नव्हती. ती एका पोराला म्हणत होती, "सावली कुठं पडंल ते आधी उजेडाला विचार." वनमाला स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

"दादा," मी म्हणालो, "सवलत एकट्याला मिळाली तर ती मेहरबानी झाली. स्वातंत्र्य सगळ्यांना मिळतं, नाहीतर मिळतच नाही. वादविवाद होणार."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं चांगलं निघालं की माझं मलाच भरून आलं. दादा उठले आणि पायात चपला सरकवत म्हणाले, "जशी मर्जी. दुसऱ्या बाजूला मानूस मिळत न्हाई ना तुमाला? मी देतो. सरकारच्या बाजूनं बोलायला आपल्या बीडच्या ताईला फोन केलाय. तयार हाय ती."

बीडची ताई म्हणजे आमची तेजश्री. आमची एकुलती एक मुलगी! बीडला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मी सरकार कमी करायला निघालोय आणि ती सरकारात जायला निघालीय, हा आमच्या घरातला जुना तिढा. मी लगेच फोन लावला.

"तेजू, तू बापाच्या विरुद्ध बोलणार?"

"पप्पा, तुमीच म्हन्ता ना, ज्याचं मत त्यानं मांडावं? का ते फकस्त गेटापुरतंच हाय?"

मी फोन ठेवला. वनमाला कितीतरी वेळ पदर तोंडाला लावून उभी होती. ती रडतेय असं मला वाटलं. ती हसत होती.

रविवारी देवळापुढं खुर्च्या कमी पडल्या. बाहेरच्या गल्ल्यांतलेही लोक आले होते. 'बाप-लेकीचं भांडण' अशी बातमी फिरली होती, तत्त्वाचं नाव कुणीच घेत नव्हतं. माझं भाषण आधी होतं. मी त्यांना कालव्यातल्या बाभळीची हकिगत सांगितली. एका कालव्यात गाळ साचला. गाळ काढायला आम्ही वर परवानगी मागितली. परवानगी येईपर्यंत गाळात बाभूळ उगवली. मग बाभूळ तोडायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागली. ती येईपर्यंत बाभळीवर सुगरणींनी घरटी बांधली. "आणि खालच्या शेतकऱ्यानं," मी गरजलो, "एक दिवस फावडं घेतलं, बाजूनं चर काढला आणि पाणी आपलं आपण नेलं! कुणाला विचारलं नाही! माणूस आपलं आपण बघू शकतो, मायबापहो! मी विचारतो, सरकारवाचून आपलं अडतं काय?"

इथं मी हात वर करून थांबलो आणि नेमकी वीज गेली.

माइक बंद, पंखे बंद. अंगावर घाम फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्ये अडतंय!" आणि सगळं देऊळ हसलं. शेवटी दादांच्या कार्यालयातलं जनरेटर आणलं. ते सुरू झालं तेव्हा माझ्या भाषणातला दम गेला होता आणि जनरेटरच्या घरघरीत माझा समारोप मलाही ऐकू आला नाही.

मग तेजश्री उभी राहिली. साधा पंजाबी ड्रेस, हातात कागद नाही. दादा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून निवांत बसले होते, कारण बोलणारी त्यांची होती.

"माझे माननीय प्रतिस्पर्धी," ती म्हणाली, "म्हणजे पप्पा." हशा. "पप्पा बाभळीची गोष्ट खरी सांगतात. पण अर्धीच सांगतात. त्या शेतकऱ्यानं चर काढला, पाणी नेलं. मग त्याच्या खालच्या शेताचं काय झालं? ते वाळलं. त्या शेताचा मालक बिचारा पप्पांच्याच ऑफिसात येऊन ओट्यावर बसायचा. त्याचा अर्ज पप्पा घरी आणून रात्री दुरुस्त करून द्यायचे. मी बघितलंय. पप्पा, तेव्हा तुम्ही कोण होता? तुम्ही सरकार होता. आणि तेव्हा तुम्ही लई चांगलं सरकार होता."

 मी उगाच धोतर सावरलं. नंतर लक्षात आलं की मी पँट घातली होती.

"पप्पांचा पाय मोडला तेव्हा इथल्याच सरकारी दवाखान्यात जोडला. तोच पाय घेऊन ते आज सरकार नको म्हणायला इथवर चालत आले." पुन्हा हशा. "म्हणून सरकार पाहिजे. पण कुठं पाहिजे? जिथं एकाच्या मर्जीपायी दुसऱ्याचा घसा कोरडा पडतो, तिथं. आता मला सांगा, जांभळ्या गेटानं कुणाचा घसा कोरडा पडतो? डोळ्याला त्रास होतो, ते मला मान्य आहे. मम्मी, सॉरी. अलमासताईच्या क्लासनं कुणाचं काय जातं? पोरं चित्र काढायला शिकतात. सायकली उभ्या राहतात म्हणता, तर त्या दादांच्या ऑफिसापुढच्या गाड्यांच्या मानानं लहानच आहेत."

दादांचे हात मांडीवरून खाली आले.

"आणि घसा कोरडा कशानं पडतो ते सगळ्यांना ठाऊक हाय." इथं तीही घरच्या भाषेवर आली. "दादांची बोअर कॉलनीत सगळ्यात खोल हाय. उन्हाळ्यात दिवसभर मोटार चालती, गाड्या धुतल्या जात्यात, आन खालच्या आळीतल्या बाया टँकरच्या मागं पळत्यात. तिथं समितीचा नियम न्हाई. गेटाला हाय! जिथं सरकार पाहिजे तिथं ते झोपलंय आणि जिथं नको तिथं ब्रश घेऊन उभं हाय. पप्पा म्हन्तात सरकार कमी करा. दादा म्हन्तात वाढवा. मी म्हन्ते, त्याला उठवा आन योग्य जागी बसवा!"

आधी बायका उठल्या. मग सगळेच. मुबीनभाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. अलमासनं ओढणीत तोंड लपवलं होतं. आणि लोक नंतर काहीही सांगोत, मी माझ्या जागेवर उभा होतो. पहिल्या टाळ्यांतली एक जोडी माझी होती.

हात वर करून मतं घेतली. गेटाचा नियम रद्द, क्लासचा नियम रद्द. तिसरं मत आयत्या वेळी पुढं आलं: उन्हाळ्यात बोअरच्या मोटारींची वेळ ठरवायची आणि खालच्या आळीला पाणी द्यायचं. म्हणजे एक नवाकोरा नियम! नियमांच्या जन्मजात वैऱ्यानं काय करावं? माझा उजवा हात जागचा हलेना. मग वनमालानं बाजूनं माझं कोपर धरून वर केलं आणि मी ते वर राहू दिलं. गंमत म्हणजे माझ्या आधी दादांचा हात वर होता. त्यांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "मी तर पहिल्यापासून ह्येच म्हनत व्हतो." राजकारणात माणूस पुढं का जातो ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी वनमाला गेटापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता जबरदस्ती नाही ना कुणाची?" ती म्हणाली. "मग चॉकलेटीच बरा दिसंल, अहो. जांभळा जरा भडकच झालाय." मी वाद घातला नाही. स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण स्वातंत्र्यात मी गेट चॉकलेटी रंगवलं. त्रिंबक गुरुजींनी खिडकी उघडली.

संध्याकाळी तेजश्रीला बीडच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. ती खिडकीजवळ बसून अभ्यासाचं पुस्तक चाळत होती आणि मी खाली उभा होतो. तिला काहीतरी सांगावं असं मनात होतं, पण आमच्या घरात अशी वाक्यं बोलायची पद्धत नाही. "पाणी पीत जा," एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "हो पप्पा," आणि गाडी हलली.

बाजूला घाटनांदूरच्या गाडीची वाट बघत एक गृहस्थ बसले होते. मोबाइलवर काहीतरी बघून खदखदा हसत होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वाकलो. तेजश्रीचं भाषण! गावोगाव पोचलं होतं.

"बघितलं का ह्ये?" ते मला म्हणाले. "पोरीनं बापाला लई धुतलं, पाव्हनं. अशी पोरगी पाहिजे. उद्या ही कलेक्टर व्हती का न्हाई बघा. पन बाप कोन व्हता काय म्हाईत. बिचारा मान खाली घालून बसलता म्हन्तात."

"मान खाली नव्हती," मी म्हणालो. "उभा राहून टाळ्या वाजवत होता."

"तुमी गेलता का तिथं?"

मी शर्ट नीट केला आणि गाडी गेली त्या दिशेनं एकदा बघून घेतलं.

"गेलतो की," मी म्हणालो. "तो बाप मीच हाय."